मान्यता पावतीपुस्तकातून येते

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत, विजेची स्विचगिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी झाली. असेंब्ली लाइनवर आम्ही बायका जास्त, प्रेस शॉप आणि टूलरूममध्ये पुरुष. युनियन झाली तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी तिची खजिनदार होते. भाषणं इतरांनी केली. माझ्याकडे वर्गणी, पावत्या, इतिवृत्ताची वही आणि कोर्टाच्या तारखांची डायरी असायची. हल्ली अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली मुलंमुली घरी येऊन विचारतात, "ताई, युनियन करायची तर आधी काय करायचं?" त्यांना सांगते तेच इथे लिहिते आहे.

१. नोंदणी झाली म्हणजे मान्यता मिळाली असं नाही

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याखाली नोंदणीचं प्रमाणपत्र आलं की लोक पेढे वाटायचे. आमच्याकडेही वाटले. ते प्रमाणपत्र आणि मागणीपत्र घेऊन आमची कमिटी ऑफिसात गेली, तेव्हा पर्सोनेल मॅनेजर शांतपणे म्हणाले, "तुमची युनियन रजिस्टर झाली, अभिनंदन. पण तुमच्याशी बोलणी करायचं बंधन आमच्यावर कुठे आहे?" कायद्याने बघितलं तर त्यांचं चूक नव्हतं. नोंदणीने युनियनला कायदेशीर अस्तित्व मिळतं, स्वतःच्या नावाने बँकेत खातं आणि कोर्टात उभं राहता येतं. मालकाने समोर बसून बोललंच पाहिजे, हे त्या कायद्यात नव्हतं.

ते बंधन आपल्या राज्याने घातलं. १९७१ चा महाराष्ट्राचा कायदा, ज्याला लेबर ऑफिसात सगळे नुसतं 'एमआरटीयू' म्हणतात, तो ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. त्यात दोन गोष्टी एकत्र आल्या: कामगार संघटनेला मान्यता, आणि अनुचित कामगार प्रथांना बंदी. ५० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात युनियन औद्योगिक न्यायालयाकडे मान्यतेचा अर्ज करू शकते. मान्यता मालक देत नाही, मंत्री देत नाही, न्यायालय देतं. म्हणून साहेबांची मर्जी सांभाळण्यात एक दिवसही घालवू नका. न्यायालयापुढे काय ठेवायचं त्याची तयारी करा.

२. कायदा घोषणा मोजत नाही, पावत्या मोजतो

हा मुद्दा मी सगळ्यात जास्त वेळ समजावते, कारण युनियन इथेच उभी राहते किंवा बसते.

अर्ज करायचा तर एकूण कामगारांपैकी किमान ३० टक्के सदस्य लागतात. तेही अर्जाच्या आदल्या सहाच्या सहा कॅलेंडर महिन्यांत. गेट सभेला हजार माणूस जमला त्याला इथे काही किंमत नाही. आणि सदस्य कोण, हेही कायद्यानेच ठरवून ठेवलं आहे. महिन्याला किमान ५० पैसे वर्गणी भरणारा. सहा महिन्यांत ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली, तो सदस्य धरलाच जात नाही. ५० पैशांना आज काही मोल नाही, आमची वर्गणी अर्थातच त्याहून जास्त होती. पण दर महिन्याला भरणं आणि दर महिन्याची पावती असणं, त्यावर सगळं उभं.

पगाराच्या दिवशी पहिली पाळी सुटताना मी सायकल स्टँडजवळ उभी राहायची. हातात पावतीपुस्तक, मध्ये कार्बन. पावतीवर नाव, टोकन नंबर, खातं, महिना, रक्कम. स्थळप्रतीवर त्या व्यक्तीची सही किंवा अंगठा. "ताई, पैसे घ्या, पावती राहू द्या, बस चुकेल," असं म्हणणाऱ्यांना मी सोडायची नाही. "बस दुसरी मिळेल," म्हणायची. खराब झालेली पावती फाडून टाकायची नाही. आडवी रेघ मारून 'रद्द' लिहायचं आणि पुस्तकातच ठेवायची. नंबर सलग पाहिजेत. वर्गणी रजिस्टर, पावतीपुस्तक आणि बँकेचं पासबुक, तिघांचा आकडा जुळला पाहिजे.

याचा उपयोग कळला तो न्यायालयाचे तपासणी अधिकारी आले तेव्हा. आमच्या विरोधात दुसऱ्या एका युनियननेही दावा लावला होता. अधिकाऱ्यांनी दोघांची दप्तरं मागवली आणि कॅन्टीनच्या टेबलावर मांडून एक-एक स्थळप्रत उलटत बसले. मस्टरवरच्या नावांशी ताडून पाहायचे, शंका आली की त्या कामगाराला बोलावून घ्यायचे. कॉइल वाइंडिंगच्या एका बाईंच्या सहीत खाडाखोड होती. अधिकाऱ्यांनी विचारलं, "ही सही तुमचीच का?" त्या म्हणाल्या, "माझीच साहेब. तेव्हा नुकतं लग्न झालं होतं, हात माहेरच्या आडनावाकडे वळायचा." त्यांनी समोर पुन्हा सही करून घेतली, टिपण केलं आणि पान उलटलं. समोरच्या युनियनच्या तीन महिन्यांच्या पावत्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसत होत्या. त्यांच्या पावत्यांवर नावं असलेल्या कामगारांना बोलावलं तर त्यातल्या कित्येकांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हतं.

आम्हाला मान्यता मिळाली ती त्या टेबलावर. ज्यांना पावती फाडणं हे कारकुनी काम वाटतं, त्यांनी तपासणीच्या दिवशी तिथे बसून पाहावं.

३. मान्यता मिळाली की हक्क वापरा, लगेच वापरा

मान्यताप्राप्त युनियनला कारखान्याच्या आवारात सूचनाफलक लावता येतो, पगार वाटपाच्या जागी वर्गणी गोळा करता येते, आवारात कामगारांशी चर्चा करता येते, मालकाशी तक्रारींवर बोलता येतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, मान्यताप्राप्त युनियनशी प्रामाणिकपणे सामूहिक वाटाघाटी करायला मालकाने नकार देणं ही अनुचित प्रथा ठरते. 'आमच्यावर बंधन कुठे आहे' या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

आम्ही पहिला हट्ट फलकाचा धरला. कुणी म्हणालं, पगारवाढ सोडून फलक कसला मागता? पण टाइम ऑफिसच्या भिंतीवर काच आणि कुलूप असलेला, किल्ली युनियनकडे असलेला फलक लागला, तेव्हा रोज कार्ड पंच करताना प्रत्येकाला दिसायला लागलं की ही युनियन या कारखान्याची आहे. नवीन मुली तिथे थांबून वाचायच्या. सदस्यसंख्या त्याच तिमाहीत वाढली.

४. कायद्याने जे मिळालंच आहे, ते मागणीपत्रात घालू नका

पहिल्या मागणीपत्राची चर्चा चालू असताना आमच्या कच्च्या यादीत पाळणाघर होतं, बसायला स्टूल होती, कपडे बदलायची खोली होती. बायकांनीच सुचवलेल्या मागण्या, गरजेच्या. पण आमच्या सल्लागार वकिलांनी त्यावर लाल रेघ ओढली. म्हणाले, ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर देणं तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ प्रमाणे बंधनकारक होतं. उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं याची सोय, तीही त्याच कायद्यात. ते मागितलंत तर मालक ते 'देईल' आणि त्याच्या बदल्यात तुमच्याकडून काहीतरी घेईल.

शेजारच्या एका कारखान्यात हेच घडल्याचं मी पुढे पाहिलं. तिथे पाळणाघराच्या बदल्यात तासाचं उत्पादन वाढवून घेतलं गेलं. ज्या आयांची बाळं त्या खोलीत झोपायची, त्यांच्याच मनगटांवर वाढलेला नॉर्म पडला. मला आजही त्याचा संताप येतो.

म्हणून दोन याद्या करा. कायद्याने देय आहे त्याची तक्रार फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे आणि लेबर ऑफिसात. कायद्याच्या वरचं जे हवं, तेवढंच मागणीपत्रात: मूळ पगार, महागाई भत्ता, ग्रेड, रजा, नॉर्म, बढतीची पद्धत. आणि ही दुसरी यादी कमिटीने बंद खोलीत करू नये. आमच्याकडे प्रत्येक खात्यातून एक वही फिरायची. प्रेस शॉपच्या पोरांनी लिहिलं, 'गार्ड काढून काम करायला लावतात.' ते वाचेपर्यंत आमच्यापैकी कुणाला ते ठाऊक नव्हतं. ते अर्थातच पहिल्या यादीत गेलं, आणि त्याच दिवशी.

५. करारावर सही करण्याआधी तो गेटवर मोठ्याने वाचा

मान्यताप्राप्त युनियनने केलेला करार सगळ्या कामगारांना लागू होतो, सदस्य असो की नसो. म्हणजे जो तुम्हाला वर्गणी देत नाही, त्याच्याही पगाराचा निर्णय तुमच्या सहीने होतो. मला ही जबाबदारी फार मोठी वाटत आली आहे.

आमच्यात पद्धत होती: मसुदा तयार झाला की गेट सभेत कलमवार वाचायचा. मराठीत. इंग्रजी मसुदा वकील वाचून दाखवतील हे चालायचं नाही. वाचताना लोक कलमाच्या पोटातलं बरोबर पकडतात. एकदा एका कलमात वाढीव नॉर्म 'परस्पर संमतीने ठरेल' असं होतं. स्टोअरमधले एक काका मागून ओरडले, "कुणाच्या संमतीने ते लिहा!" ते लिहून घेतलं, आणि पुढे त्या एका ओळीने खूप काही वाचवलं.

कराराची मुदत संपली की कारखान्यात अफवा सुटते: आता जुनं काही लागू नाही, भत्ते बंद होणार. घाबरू नका. औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे मुदत संपल्यावरही, कोणत्याही पक्षाने करार संपवण्याची लेखी नोटीस देऊन दोन महिने होईपर्यंत तो बंधनकारक राहायचा. आणि मालकाने करार पाळलाच नाही, तर तीही अनुचित प्रथा. एमआरटीयूखाली तक्रार करायची मुदत मात्र ९० दिवसांची. बघू, बोलू, साहेब म्हणालेत करतो, यात हे दिवस कधी निघून जातात कळत नाही. माझ्या डायरीत प्रत्येक घटनेच्या तारखेपुढे नव्वदावा दिवस लाल शाईने लिहिलेला असायचा.

कुणाला सूडबुद्धीने कामावरून काढलं तर तक्रार कामगार न्यायालयात, बाकी बहुतेक अनुचित प्रथांची औद्योगिक न्यायालयात. दोन्हीकडे अंतरिम आदेश मागता येतो. तो मागायला विसरू नका. निकालाला वर्षं लागतात आणि तोवर घर चालवायचं असतं.

६. कंत्राटी कामगाराला बाहेर ठेवलंत तर उद्या तुम्हीच अल्पसंख्य

हे लिहिताना मला सगळ्यात जास्त अस्वस्थ वाटतं.

एखाद्याला वर्षानुवर्षं बदली, हंगामी किंवा तात्पुरता म्हणून ठेवायचं, कायम कामगाराचे फायदे मिळू नयेत म्हणूनच ठेवायचं, ही एमआरटीयूच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली गोष्ट आहे. काही महिने काम, मग 'ब्रेक', मग पुन्हा तोच हात त्याच मशीनवर. या कलमाच्या बळावर राज्यात अनेक तात्पुरते कामगार कायम झाले. आमच्या लाइनवरच्याही काही मुली झाल्या. त्या दिवशी असेंब्लीत गुळाचे शेंगदाण्याचे लाडू वाटले गेले, ती चव मी विसरलेले नाही.

मग कारखान्यांनी रस्ता बदलला. तात्पुरते घेणंच बंद. कामगार कंत्राटदाराचा. गणवेश वेगळा, गेटपास वेगळा, कॅन्टीनची रांग वेगळी, काम तेच. आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिप्ला आणि कल्याणी स्टील्सच्या प्रकरणांत स्पष्ट केलं की कंत्राटी कामगाराचा खरा मालक कोण हाच वाद असेल, तर एमआरटीयूखालची तक्रार चालत नाही. आधी दुसऱ्या न्यायाधिकरणापुढे मालक-कामगार नातं सिद्ध करा, मग इकडे या. एका तरुण मुलाला हे समजावून सांगताना त्याने विचारलं, "म्हणजे मी रोज कुणासाठी काम करतो हे आधी कोर्टात सिद्ध करू?" होय, असंच.

कायदा इथे अपुरा आहे असं मी ठामपणे म्हणते. पण कायदा बदलेपर्यंत युनियनने हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. आमच्यातल्या बऱ्याच कायम कामगारांना कंत्राटी मुलं नको होती. 'ते आले तर आपल्या करारातला वाटा कमी होईल' हा त्यांचा हिशोब. सर्वसाधारण सभेत यावर खूप वाद झाला. शेवटी त्यांना सदस्य करायचा ठराव थोड्या मतांनी मंजूर झाला आणि मी त्यांचीही पावती फाडायला लागले. त्यानंतरच्या करारात त्यांच्या किमान वेतनाच्या वरच्या रकमेचं, सुरक्षा बुटांचं आणि कंत्राटदार बदलला तरी तीच माणसं कामावर ठेवण्याचं कलम आलं. कायम मात्र ते झाले नाहीत. एवढंच मिळालं, आणि तेवढ्यासाठीही त्यांची सही आमच्या पुस्तकात असावी लागली.

कायम कामगार निवृत्त होतात, त्यांच्या जागी कायम भरती होत नाही. बाकीच्यांना आत घेतलं नाही तर युनियन कशाच्या बळावर बोलणार?

७. संप करायचा तर मोजून करा

माझे मामा परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मामा गावी परत आले ते कायमचेच. घरात त्या संपाबद्दल कुणी मोठ्याने बोलत नसे. पुढे युनियनचं काम करायला लागल्यावर मला त्यातला कायद्याचा पेच कळला. गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. त्याखाली राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही 'प्रातिनिधिक' संघटना, आणि वाटाघाटींचा हक्क तिचाच. लाखो माणसं एका नेत्यामागे उभी आणि कायदा दुसऱ्याच संघटनेला ओळखतो. तो कायदा रद्द करा, ही त्या संपाची एक मागणीच होती. संपाच्या अपयशाची कारणं अनेक आहेत, मालकांना गिरण्यांच्या जमिनीत कापडापेक्षा जास्त पैसा दिसायला लागला होता हेही त्यातलं एक. पण कामगारांचा कौल आणि कायद्याची मान्यता एकमेकांपासून इतके दूर गेले की काय होतं, ते मी घरात पाहिलं आहे.

१९७१ च्या कायद्यात यावर थोडा उतारा आहे. मान्यता मिळून दोन वर्षं झाली की जास्त सदस्य असलेली दुसरी युनियन दावा करू शकते. माझ्या मते याने भागत नाही. मान्यता गुप्त मतदानाने ठरावी. पावत्या खोट्या लिहिता येतात, ते मी स्वतः कॅन्टीनच्या टेबलावर पाहिलं.

संपाच्या बाबतीत मात्र हा कायदा मतदान मागतो. १४ दिवसांची नोटीस, आणि मान्यताप्राप्त युनियन असेल तर नोटिशीआधी तिच्या बहुसंख्य सदस्यांची संपाच्या बाजूने मतं. नाही तर संप बेकायदेशीर, आणि त्याला चिथावणी दिली म्हणून मान्यताही जाऊ शकते. मॅनेजरच्या घरासमोर निदर्शनं, घेराव या गोष्टी युनियनच्या अनुचित प्रथांमध्ये येतात. मुद्दाम काम मंदावणं, ज्याला पोरं 'स्लो मारू' म्हणतात, तेही त्यात. प्रेस शॉपची मुलं चिडून यायची, "ताई, एक आठवडा स्लो मारला की साहेब खाली येतात." मी त्यांना अनुसूची वाचायला द्यायची.

आम्ही एकदाच मतदान घेतलं. चिठ्ठ्या, सीलबंद डबा, मोजणीला दोन बाहेरचे निवृत्त शिक्षक. बहुमत प्रचंड निघालं. निकाल फलकावर लावला, नोटीस दिली, आणि नोटिशीची मुदत संपायच्या आत कंपनीने बोलणी सुरू केली. मोजलेली मतं समोर असली की साहेबांना 'चार पुढारी भडकवताहेत' असं म्हणता येत नाही.

८. वही उघडी ठेवा

हे थोडक्यात. कार्यकारिणीची बैठक दर तीन महिन्यांत, ठराव इतिवृत्तात, हिशोब तपासणीला तयार. मान्यतेच्या अटींतच हे आहे. कारखान्यात कुजबुज सुरू झाली की युनियनचे पैसे कुठे गेले, तर मालकाला वेगळी युनियन काढून द्यायची गरजही उरत नाही. मी दर तिमाहीला जमाखर्च फलकावर लावायची. वकिलाची फी, झेरॉक्स, चहा, सगळं.

९. आता ५१ टक्के

केंद्राची औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. एकापेक्षा जास्त युनियन असलेल्या आस्थापनेत मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करणार. तेवढा कुणाकडेच नसेल तर वाटाघाटी परिषद, आणि तिच्यात यायला किमान २० टक्के. संपाची १४ दिवसांची नोटीस आता सगळ्यांनाच.

अंबडची एक मुलगी परवा म्हणाली, "ताई, ३० टक्क्यांत दम लागतो, ५१ कुठून आणू?" मी तिला कागद घेऊन बसवलं. खात्यांची नावं लिही, म्हटलं. प्रत्येक खात्यात, प्रत्येक पाळीत किती माणसं, त्यातल्या किती जणांना तू नावाने ओळखतेस. पॅकिंग आणि रात्रपाळीची जागा तिने कोरी ठेवली. मग मी विचारलं, पॅकिंगमध्ये तुझ्या ओळखीचं कोण? तिने बराच विचार करून दोन नावं लिहिली. पुढच्या पगाराच्या दिवशी त्या दोघींना भेट, पाळी सुटायच्या आधी जा, आणि पावतीपुस्तक नवीन घे, नंबर एकपासून. रात्रपाळीसाठी मुलगा शोध, तुला तिथे थांबू देणार नाहीत. ती कागद घडी घालून घेऊन गेली. पॅकिंगमधल्या एकीने हो म्हटल्याचा तिचा काल फोन आला. दुसरी विचारून सांगते म्हणाली आहे.